चिंगे, आलीस का?

४ नोव्हेंबर

चिंगे,

पत्रात वर कुशल, आशीर्वाद वगैरे लिहायचं असतं. लिहीत नाही. इथे कुशल नाही आणि आशीर्वादाची तुला गरज पडत नाही. फोन केला की तू ठेवून देतेस. पत्र फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील, तेवढी मी तुला ओळखते. माझं शिक्षण चौथीचं आणि अक्षर कोंबडीच्या पायाचं. लागेल तसं लाव.

आई पडली. मोरीत घसरली. कमरेचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाला, या वयात कापाकापी नको, पडून राहू दे. डोळे गेले तेव्हा मी तुला कळवलं होतं, त्याचं उत्तर अजून वाटेत असेल. कानही आता नावालाच. कानात तोंड घालून ओरडलं तर पोचतं. नाहीतर तिला पोचतात ते फक्त पोपट.

हो, पोपट. तू गेलीस तेव्हा बस डेपोसमोरच्या झाडांवर थोडेसे होते. आता संध्याकाळी परतले की आभाळ हिरवं होतं आणि खाली बसची वाट बघणारे डोक्यावर पिशव्या धरून उभे राहतात. काचेच्या ऑफिसवाल्यांनी त्यांना घाबरवायला गच्चीवर प्लास्टिकचा ससाणा बसवलाय. एक पोपट रोज त्याच्या डोक्यावर बसून हगतो. साहेब लोक जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन फोटो काढतात, म्हणतात शहरात निसर्ग आला. एकदा त्यांच्या शर्टावर येऊ दे निसर्ग.

आणि यातले काही बोलतात. आपला राघू, डाव्या पायाला एक नख कमी असलेला, तो पिंजऱ्यातून उडाला आणि या रानटी टोळीत जाऊन मास्तर झाला. त्याला एकच वाक्य येत होतं. तू शाळेतून यायचीस तेव्हा आई आतून विचारायची ते. आपला जिना लोखंडी, आईच्या खाटेच्या भिंतीला लागून. कोणी चढलं की खाट हादरते आणि आई ओरडते, "चिंगे, आलीस का?" पाऊल दूधवाल्याचं असो नाहीतर माझं. मी दिवसभर उभं राहून, पाच मजले चढून दारात पोचायची आणि हेच ऐकायची. मी म्हणायची, नाही, मी आहे. ती म्हणायची, "अस्सं."

तू गेलीस तरी तिने ते सोडलं नाही. ऐकून ऐकून झाडावरच्यांनीही उचललं. आईच्याच आवाजात. तुझ्याही म्हण, तुम्हा दोघींचा आवाज एकच, भिंतीपलीकडून कोण बोलतंय ते बापालाही कळायचं नाही. आता दिवसभर खिडकीतून तेच आणि खाटेवरून तेच. मध्ये मी, हातात बेडपॅन.

दुकानातून सुट्टी घेतलीय. मालक म्हणाला, "बाई, आईपेक्षा कोंबड्या मोठ्या नाहीत." आणि लगेच विचारलं, "पण शनिवारी येशील ना?"

तर कामाचं लिहिते. ये. तिला दुसरं काही नको आहे. नाहीतर एक ओळ लिहून पाठव, की जाताना पिंजरा तू उघडलास. बारा वर्षं ती मला ऐकवते, थोरलीने पोपट उडवला, थोरलीनेच चिंगीला उडवलं. ती ओळ मी तिच्या कानात ओरडून वाचीन. तेवढं ऐकून गेली तरी चालेल मला.

तिकडे परक्यांच्या म्हाताऱ्या धुतेस, त्यातून सवड झाली तर बघ.

थोरली

२६ नोव्हेंबर

चिंगे,

उत्तर मिळालं. सुट्टी वर्ष संपताना मिळेल म्हणतेस. पिंजऱ्याबद्दल एक अक्षर नाही. 'आईची नीट काळजी घे' हे मात्र लिहिलंस, खाली रेघ मारून. रेघ मारलीस ते बरं केलंस, नाहीतर मी विसरले असते.

आता यायची गरज राहिली नाही. तू आलीस.

कसं ते वाच. आई मला कशावरून ओळखते तुला माहीत आहे. वासावरून. उकळत्या पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या पिसांचा वास, साबणाची वडी झिजवली तरी जात नाही. मी जवळ गेले की नाक मुरडून म्हणायची, "आली कोंबडीवाली." त्याच वासावर तू नर्स झालीस, पण असो. मी दुकानात गेले नाही त्याला आता बरेच दिवस झाले. हात मऊ पडले. माझेच मला ओळखू येत नाहीत.

परवा सकाळी तिचं अंग पुसत होते. तिने माझा हात धरला, बोटं एकेक चाचपली आणि नाकाशी नेऊन हुंगली. नेमका तेव्हाच खिडकीत एक ओरडला, चिंगे, आलीस का? आईने माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे मी जिथे असेन असं तिला वाटलं तिकडे, आणि म्हणाली, "चिंगे? आलीस का?"

मी दमले होते. चादर बदलायची होती, पाणी गार होत होतं. मी तिच्या कानात ओरडले, "आले!"

ओरडून बोललं की सगळ्या बायकांचा आवाज सारखाच येतो.

मग तिने हात सोडला नाही. पाणी गार झालं ते झालं. माझ्या दंडावरून हात फिरवत म्हणते, "किती वाळलीस गं!" मी वाळले! खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई, शाळेचे गणवेश शिवते ती, दारात उभी होती. ती तोंडावर मापाची पट्टी धरून हसायला लागली.

आणि मग माझ्यावर घसरली. "थोरली कुठाय?" म्हटलं दुकानात. "बरं आहे. ती घरात असली की मला श्वास लागतो. भांडी आदळते. घास भरवते तो असा, की कोंबडीच्या पोटात मसाला भरतेय. चिंगे, तिला माझ्या मरणाची घाई झालीय गं." मी म्हटलं, हो का? "आणि राघू तिनेच सोडला."

मला वाटलं, आता बघूच. कानाशी गेले आणि म्हटलं, "आई, राघू मी सोडला. जाताना पिंजरा मी उघडला होता."

काय म्हणाली माहीत आहे? हसली. दात नसलेलं तोंड भरून. "बरं केलंस बाई. मुक्या जिवाला कोंडून तरी किती ठेवायचं!"

मुका जीव म्हणे! बारा वर्षं तो मुका जीव तिने माझ्या डोक्यावर बसवून ठेवला होता. तुझ्या नावावर घातला आणि एका दमात माफ. मी बादली उचलून मोरीत गेले आणि सगळं पाणी एकदम ओतलं.

आता ती मजेत आहे. जेवते. पोपट ओरडला की त्याला उत्तर देते, "आली रे बाबा, आली, किती कोकलशील!" डॉक्टर म्हणाला, सुधारणा आहे. म्हणून सांगते, येऊ नकोस. तू आलीस तर दोन चिंग्या होतील, त्यातली एक खोटी ठरेल, आणि जी रोज बेडपॅन धुते ती ठरणार नाही.

चिंगी (इथली)

९ जानेवारी

चिंगे,

तुझं पत्र आलं. तिकडे पोचल्या पोचल्या लिहिलेलं दिसतंय. निम्मं रडून भिजवलंस, अक्षर लागत नाही, म्हणजे आता आपण दोघी सारख्या.

येऊ नकोस म्हटल्यावर तू येणारच होतीस. लहानपणापासून तुला तसंच बोलवावं लागतं.

विचारतेस, मी तोंड का उघडलं नाही. आईने तुला हुंगून "थोरले, आलीस होय? संपल्या वाटतं कोंबड्या" म्हटलं तेव्हा. तू पायांवर डोकं ठेवलंस आणि तिने पाय ओढून घेतले तेव्हा. "हात लावू नकोस, घाण येते. माझं करायला आता चिंगी आहे" म्हणाली तेव्हा. तू कानात ओरडलीस, "आई, मी चिंगी!" आणि ती माझा हात शोधत म्हणाली, "बघ गं बाई, आता तुझं नावही घेते ही. पोपट घालवला, तेवढ्याने भागलं नाही." पोपट पुन्हा थोरलीच्याच नावावर.

काय बोलायला हवं होतं मी? खरी ती आहे आणि मी खोटी? मग माझा हात सोडून तिने तुझा धरला असता, आणि तू चार दिवसांनी विमानात बसली असतीस. पाचव्या दिवशी सकाळी अंग पुसायला कोण होतं?

वास कुठून आला म्हणून दीड पान लिहिलंयस. स्वेटरचा. तू पातळ कपड्यांत आलीस, दारात उभी राहून कुडकुडत होतीस, मी खुंटीवरचा माझा दुकानातला स्वेटर तुझ्या अंगावर घातला. थंडी होती. बहीण बहिणीला स्वेटर देते, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? कपाटात धुतलेले दोन होते म्हणतेस. म्हणजे कपाट उघडून बघितलंस. बघितलंस तर बघितलंस.

दुसऱ्या दिवशी तो काढून, न्हाऊन तिच्याजवळ गेलीस तरी तिने ऐकलं नाही, ते माझ्यावर ढकलू नकोस. आईने एकदा ठरवलं की ठरवलं. हे तुला नवीन असेल.

तीन दिवस तू थोरली होतीस, चिंगे. तीन दिवसांत चार पानं भरलीस. मी किती भरायची?

एक गोष्ट मात्र खरी, ती सांगते. तू खाली टॅक्सीवाल्याशी भांडत होतीस ना सामानावरून, तेव्हा झाडावरचे सगळे एकदम गप्प झाले. मी खिडकीतून बघत होते. सगळ्यांच्या माना वाकड्या, एकेक डोळा खाली तुझ्यावर. मग राघू खिडकीसमोरच्या तारेवर उतरला. म्हातारा झालाय, शेपटीची पिसं गेलीत, पण तोच, नखावरून कळतं. तुझ्याकडे बघून म्हणाला, "चिंगे, आलीस का?" तुझा आवाज त्याला कळला. आईला कळला नाही. रडायचं असलं तर त्यावर रड.

स्वेटर तू अंगात घालूनच गेलीस. राहू दे. मी कुठे दुकानात जातेय.

थोरली

२१ जानेवारी

चिंगे,

स्वेटर पाठव. धुऊ नकोस. आहे तसा पिशवीत गच्च बांधून पाठव, वास बाहेर जायला नको.

का ते सांगणार नव्हते, पण तू विचारत बसशील आणि दिवस जातील.

आई थोरलीला बोलावतेय.

तू गेल्यावर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाल्लं नाही. मग म्हणाली, "चिंगे, त्या दिवशी थोरली रडली का गं?" म्हटलं, रडली. "माझ्या पायाला तिचं नाक लागलं, ओलं होतं. थोरली कधी रडत नाही गं. बाप गेला तेव्हाही भांडी घासत बसली होती. मी फार बोलले तिला. माझं सगळं तिनेच केलंय. बोलव तिला."

समजलं ना? रडलीस तू आणि आईचा जीव तुटला माझ्यावर. इतकी वर्षं मी कोरडी राहिले ते चुकलंच म्हणायचं.

मी तिला सांगितलं, आई, मीच थोरली. तिने हात हुंगला. म्हणाली, "तू चिंगी. म्हातारीची थट्टा करतेस?" शिंपीणबाईला कानात ओरडायला लावलं. तर म्हणते, "तुम्ही दोघींनी मिळून तिला लपवलंय." मग कोंबडी आणली, खाटेला टेकून बसले आणि तिच्या नाकासमोर सोलली. आई म्हणाली, "चिंगे, आज जेवायला काहीतरी चांगलं दिसतंय." तो वास एका कोंबडीने लागत नाही. त्याला पिंपावर दिवस काढावा लागतो, आणि शिंपीणबाई मुलीकडे गेलीय, आईला कोणावर टाकून जाऊ?

जिन्यात कोणी चढलं, खाट हादरली की आता ओरडते, "थोरले, आलीस का?" मी तिच्या उशाशी बसलेली असते. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला हाक आली आणि मी जिन्यात नाही.

तू येऊ नकोस. तू आलीस आणि रडलीस तर ती तुझ्या डोक्यावर हात ठेवील, थोरली म्हणून. ते मी होऊ देणार नाही. एवढा एक हात माझा आहे.

स्वेटर पाठव. धुऊ नकोस, पुन्हा लिहिते. खाली रेघ मारलीय बघ.

थोरली

११ फेब्रुवारी

चिंगे,

स्वेटर मिळाला. धुतलेला. इस्त्री केलेला. कसल्या तरी फुलांचा वास येतोय. मुद्दाम धुतलास की नर्सच्या सवयीने, ते मी विचारत नाही. तूही मला थंडीबद्दल विचारू नकोस.

आई गेली. फोनवर तुला एवढंच सांगितलं होतं. बाकीचं आता सांगते.

स्वेटर आला त्याच दिवशी शिंपीणबाई मुलीकडून परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला खाटेजवळ बसवलं आणि दुकानात गेले. मालक म्हणाला, "काय बाई, संपली सुट्टी?" म्हटलं नाही, वास न्यायला आलेय. त्याला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मी पिंपावर उभी राहिले. गर्दीचा दिवस होता. बुडव, उपट, फाड, फेक. हात धुतले नाहीत. जेवले नाही. मालक म्हणाला, "आता पुरे, सबंध गावाला पुरेल एवढा वास झालाय," तरी थांबले नाही. मला खात्रीचा हवा होता.

बसमध्ये माणसं सरकून उभी राहिली. डेपोच्या गर्दीत माझ्याभोवती एवढी जागा, जशी काही मी कोणी बडी बाई. जिना चढताना एकेका पायरीवर पाय आपटत चढले. खाट नीट हादरली पाहिजे. तिने ओरडलं पाहिजे आणि मी दारातून म्हटलं पाहिजे, आले.

काही ऐकू आलं नाही. दारात शिंपीणबाई उभी होती. म्हणाली, "आत्ता गं. आत्ताच."

म्हटलं, काही बोलली का? म्हणाली, खाट हादरली तशी तिने ओठ हलवले, पण आवाज नाही आला. म्हटलं, ओठ कसे हलवले? थोरलेसारखे की चिंगेसारखे? ती म्हणाली, "थोरलेच असणार गं."

असणार म्हणजे काय? तिच्यासमोर बसवलं होतं तुला, गणवेशाला काजं करत होतीस का? असं मी तिला बोलले. ती तेव्हापासून वर आलेली नाही.

मी आईचा हात उचलला आणि माझा हात तिच्या नाकाला लावून ठेवला. बराच वेळ. आणि खिडकीबाहेर त्यांनी तेव्हाच सुरू केलं. आधी एक, मग दुसरा, मग चार-पाच. चिंगे, आलीस का? चिंगे, आलीस का?

दुसऱ्या दिवशी राघू खिडकीच्या कठड्यावर आला. पिंजऱ्यात होता तेव्हा आई त्याला हाताने भरवायची, ती सवय. मी धरला. माझ्या हाताला शिकवावं लागत नाही, अंगठा आपोआप मानेवर जातो. चावला मला, रक्त काढलं. मग एक डोळा माझ्यावर रोखला आणि तेच म्हणाला, हळू, आई दुपारी झोपेतून उठून विचारायची तसं. सोडला. दया आली म्हणून नाही. आईचा आवाज आता तेवढ्यातच शिल्लक आहे.

तेव्हापासून मी त्यांना शिकवतेय. खिडकीत दाणे ठेवते, मी, जी त्यांना झाडूने हाकलायची. येतात, खातात, माझा कठडा घाण करतात. मी म्हणत बसते, थोरले, आलीस का? थोरले, आलीस का? घसा बसला. साहेब लोक आता पोपट सोडून माझे फोटो काढतात. आणि ते नालायक दाणे फोडून, टरफलं माझ्या अंगावर टाकून म्हणतात, चिंगे. आईने मला हाक मारली ती जेमतेम महिनाभर. तेवढ्यात त्यांनी काही उचललं नाही. माझ्या आवाजाला तर ते कवडीची किंमत देत नाहीत.

तुझ्या आवाजाला देतील. बघितलंय मी.

म्हणून ये. सुट्टी, तिकीट, तब्येत, काही सांगू नकोस. माफी मागायला येऊ नकोस, मी पण मागणार नाही. जेवायला मिळेल. थंडी संपलीय, स्वेटर लागणार नाही. खिडकीत तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय. तिथे बसायचं आणि तेवढं एक वाक्य म्हणायचं, आईसारखं, जरा वैतागून, शेवटचा शब्द वर उचलून. रडायचं नाही, आवाज बिघडतो. राघू आधी घेईल. त्याचं बघून बाकीचे घेतील.

मी खाली जाईन आणि पाय आपटत जिना चढेन. पुन्हा खाली, पुन्हा वर. एकाने जरी बरोबर म्हटलं, की तू जा.

थोरली